यशवंतराव चव्हाण कसे निवडून आले आणि कसं काम करायचे?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने यशवंतराव चव्हाणांविषयी पाच प्रश्न विचारले आहेत. घरची गरिबी खरी की मागाहून रंगवलेली? ते एकही निवडणूक हरले नाहीत हे खरं का? संरक्षणमंत्री झाले तेव्हा ते खासदार तरी होते का? रोज किती तास काम करायचे, वेळापत्रक काय होतं? आणि त्यांना 'कुंपणावरचे' का म्हणत? राज्यशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि तीही सातारा-सांगलीच्या पट्ट्यात, त्यामुळे १२ मार्च आणि २५ नोव्हेंबर या तारखा जवळ आल्या की हेच प्रश्न घेऊन मुलं येतात. परीक्षेपुरतं दोन ओळींत सांगता येईल, पण तेवढ्याने माणूस कळत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी घर. जन्म १२ मार्च १९१३, देवराष्ट्रे इथे, आजोळी. पुस्तकांत कुठे सातारा जिल्हा लिहिलेलं असतं, कुठे सांगली, आणि मुलं गोंधळतात. दोन्ही बरोबर आहे. तेव्हा तो सातारा जिल्हाच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं. आज देवराष्ट्रे कडेगाव तालुक्यात येतं. बाळंतपण अवघड गेलं, तेव्हा आजीने सागरोबाला साकडं घातलं की यश दे, आणि पोराचं नाव यशवंत ठेवलं, असं ते स्वतःच 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात सांगतात.

वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. बेलिफ म्हणजे समन्स आणि जप्तीचे हुकूम बजावणारा माणूस. पगार तुटपुंजा, पण सरकारी. यशवंतराव चार-पाच वर्षांचे असताना वडील प्लेगमध्ये गेले. घराचा भार आई विठाईंवर आला, आणि थोरले भाऊ ज्ञानोबा वडिलांच्या जागी नोकरीला लागले. तेव्हा गरिबी खरी होती, त्यात रंगवलेलं काही नाही. पण ती कोणत्या प्रकारची गरिबी होती तेही पाहायला हवं. थोडी शेती, एका खालच्या सरकारी नोकरीचा आधार, आणि शाळा सोडायची नाही यावर ठाम असलेली निरक्षर आई. मधले भाऊ गणपतराव सत्यशोधक चळवळीकडे ओढलेले. म्हणजे घरात पैसा नव्हता, पण चर्चा होती. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या या मुलाला वर्तमानपत्र वाचायची आणि त्यावर वाद घालायची सवय तिथेच लागली.

वक्तृत्व स्पर्धेत सगळे तो चिठ्ठीचा प्रसंग सांगतात. गुरुजींनी विचारलं, कोण होणार? आणि याने लिहिलं, यशवंतराव चव्हाण होणार. प्रसंग चांगला आहे, त्यांनीच सांगितलेला आहे, सांगा. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचं आहे ते १९३२. त्या वर्षी झेंडावंदन केल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. वय एकोणीस, मॅट्रिकही व्हायची होती. माफी मागितली तर सुटका होईल असं सुचवलं गेलं, तेव्हा माफीला नकार द्यायला आईच पुढे होती. येरवड्याच्या तुरुंगात त्यांना आचार्य भागवतांसारखे शिक्षक भेटले, गांधीवादी, समाजवादी, मार्क्सवादी अशा सगळ्या मतांचे कैदी भेटले. एकाच बराकीत एकमेकांना न पटणारी माणसं दिवसभर बोलताहेत आणि हा पोरगा ऐकतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. पुढे मॅट्रिक १९३४ मध्ये, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी. ए. १९३८ मध्ये, पुण्याहून एलएल. बी. १९४१ मध्ये. मधल्या काळात क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा प्रभाव होता, पण महायुद्धात ब्रिटिशांना साथ द्यायची रॉय यांची भूमिका पटली नाही आणि ते बाजूला झाले.

२ जून १९४२ ला फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं, आणि ऑगस्टमध्ये ते भूमिगत. सातारा जिल्ह्यात तहसील कचेऱ्यांवर जे मोर्चे निघाले त्यांच्या बांधणीत ते होते. संसार सुरू व्हायच्या आत वेणूताईंना अटक झाली, भाऊ तुरुंगात गेला. वेणूताई आजारी पडल्या म्हणून भेटायला गेले आणि फलटणलाच पकडले गेले.

आता निवडणुका. उमेदवार म्हणून ते विधानसभेला किंवा लोकसभेला कधी हरले नाहीत, हे खरं आहे. १९४६ ला दक्षिण सातारा मतदारसंघातून मुंबई विधानसभेवर गेले आणि गृहखात्यात संसदीय सचिव झाले, मोरारजी देसाईंच्या हाताखाली. १९५२ ला कराडमधून आले आणि पुरवठामंत्री झाले. पण 'अपराजित' हा शब्द लिहून मुलं पुढे जातात आणि खरी गोष्ट मागे राहते. खरी गोष्ट आहे १९५७ ची.

१ नोव्हेंबर १९५६ ला ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. पक्षांतर्गत लढतीत त्यांनी भाऊसाहेब हिरे यांना हरवलं होतं. वय त्रेचाळीस. आणि ज्या राज्याचे मुख्यमंत्री झाले ते राज्य त्यांच्याच माणसांना नको होतं. मराठी माणसाला मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा होता, गुजरात्यांना महागुजरात. गोळीबारात माणसं मेलेली होती. त्यातच, संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर मी नेहरूंच्या मागे जाईन, अशी त्यांची आधीची भूमिका लोकांच्या डोक्यात पक्की बसलेली. आचार्य अत्र्यांचं दैनिक 'मराठा' त्यांना रोज सोलून काढत होतं.

अशा हवेत १९५७ ची निवडणूक झाली. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसचा धुव्वा उडवला. सरकार तरलं ते गुजरात, विदर्भ, मराठवाडा इथल्या जागांवर. ३९६ पैकी २३४ जागा मिळाल्या, म्हणजे कागदावर बहुमत व्यवस्थित होतं. आणि मुख्यमंत्री स्वतः? कराडमध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या केशवराव पवारांविरुद्ध ते दोन हजारांच्याही आतल्या फरकाने आले. ज्या गावात शाळा शिकले, वकिली केली, भूमिगत असताना ज्या घरांनी भाकरी दिली, त्या घरांतली निम्मी मतं विरोधात गेली होती. एखादा नेता अशा निकालानंतर चिडतो, एखादा गुप्तपणे बदला घेतो. यशवंतरावांनी हा निकाल वाचला. त्यांच्या पुढच्या पाच वर्षांच्या कामाची किल्ली मला त्या निसटत्या मताधिक्यातच दिसते.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण नेहरूंच्या हस्ते होतं. समितीने प्रचंड निदर्शनं पुकारली. काळे झेंडे घेऊन हजारो लोक रस्त्याच्या कडेला. एका गोळीने सगळं पेटलं असतं. निदर्शनं होऊ द्यायची, पण रक्त सांडू द्यायचं नाही, ही सरकारची भूमिका राहिली आणि दिवस पार पडला. नेहरूंनी मराठी माणसाचा राग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. द्विभाषिक टिकणार नाही हे दिल्लीला पटवण्याचं काम यशवंतरावांनी नंतर बंद दाराआड केलं, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मी समितीचं श्रेय कमी करत नाही. रस्त्यावरचा रेटा नसता तर बंद दाराआड बोलायला काही उरलंच नसतं. पण तो रेटा दिल्लीला समजेल अशा भाषेत मांडणारा माणूस लागतो, आणि तो त्या वेळी खुर्चीवर होता. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. पाच वर्षांत पारडं इतकं फिरलं.

तिसरा प्रश्न, खासदारकीचा. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या युद्धात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि नेहरूंनी यशवंतरावांना बोलावलं. मुंबईत मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. संसदेचा सदस्य नसलेला माणूस मंत्री होऊ शकतो, सहा महिन्यांत सदस्य व्हावं लागतं, अशी घटनेतच तरतूद आहे. लोकसभेवर ते १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून आले, बिनविरोध. पुढे १९६७ पासून सातारा. १९७७ ला उत्तरेत काँग्रेस झाडून गेली तेव्हाही सातारा राहिला, आणि १९८० ला तर इंदिरा काँग्रेसच्या लाटेविरुद्ध उभे राहून आले. त्यांच्या पक्षाची महाराष्ट्रातली ती एकच जागा होती.

'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य प्रत्येक भाषणात असतं. असू द्या, ते आपल्या सगळ्यांना आवडतं, मलाही. पण पुढची ओळही लिहा. ते दिल्लीत पोचले तोवर चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. म्हणजे त्यांच्या वाट्याला लढाई नव्हे, पराभवानंतरची डागडुजी आली. खचलेलं सैन्य, आणि राजकारणी व सेनाधिकारी यांच्यातला तुटलेला विश्वास. १९६४ पासून संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना आखली गेली, डोंगरी युद्धासाठीच्या डिव्हिजन उभ्या राहिल्या. सह्याद्रीचं खरं काम ते होतं.

आता कामाच्या सवयी. किती तास काम करायचे हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. पुढारी पहाटे चारला उठतो की सहाला, यावरून त्याचा कारभार कळत नाही. तो कुणाला भेटतो, किती बोलू देतो आणि निर्णय कशात बांधून ठेवतो, यावरून कळतो.

यशवंतराव ऐकून घेणारे होते, हे त्यांच्यासोबत काम केलेले बहुतेक सगळे सांगतात. समोरचा विरोधक असला तर जास्तच. नागपूरचे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांनी त्यांना उघड विचारलं होतं की हे नवं राज्य मराठी होणार की मराठ्यांचं? प्रश्न झोंबणारा होता, स्वतः मराठा असलेल्या मुख्यमंत्र्याला तर अधिकच. त्यांनी तो टाळला नाही. राज्य मराठी माणसाचंच राहील असं जाहीर सांगितलं. महार वतनं, म्हणजे महारांना पिढ्यानपिढ्या गावकामाला बांधून ठेवणारी वतनं, रद्द झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. धर्मांतरित बौद्धांना राज्याच्या सवलती चालू ठेवल्या गेल्या. वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली, तीच ती ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाची, सवलत. बेलिफाच्या घरातल्या मुलाला फीचा आकडा काय असतो ते सांगावं लागत नव्हतं. माझ्या पिढीतले कितीतरी शिक्षक, इंजिनिअर त्या एका सवलतीवर शिकले. हे लिहिताना मला तटस्थ राहता येत नाही आणि राहायचंही नाही.

दुसरी सवय म्हणजे निर्णय संस्थेत बांधणे. जिल्हा परिषदेचंच घ्या, कारण परीक्षेत ती विचारतात आणि मुलं नुसत्या तारखा पाठ करतात. बलवंतराय मेहता समितीने देशासाठी त्रिस्तरीय पंचायत राज्य सुचवलं होतं, त्यात भर होता तालुका पातळीवर. यशवंतरावांनी तो अहवाल जसाच्या तसा लागू केला नाही. जून १९६० मध्ये महसूलमंत्री वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. मार्च १९६१ मध्ये तिचा अहवाल आला, २२६ शिफारशी. त्यात वजन दिलं जिल्ह्याला. खासदार-आमदारांना परिषदेबाहेर ठेवलं. जिल्हाधिकाऱ्यालाही बाहेर ठेवलं आणि परिषदेला स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी दिला. थांबून विचार करा. मुख्यमंत्री आपल्याच आमदारांच्या हातून जिल्ह्याचा कारभार काढून दुसऱ्या, अजून कुणाला माहीत नसलेल्या माणसांच्या हाती देतोय. आमदारांना ते आवडण्यासारखं नव्हतं. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांतले राज्याचे कितीतरी पुढारी त्या सभागृहांतून वर आले. औद्योगिक विकास महामंडळ, साहित्य संस्कृती मंडळ, मराठवाडा आणि शिवाजी विद्यापीठ, हे सगळं याच पाच-सहा वर्षांतलं आहे. साहित्य संस्कृती मंडळावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखा माणूस बसवला आणि त्यांना काम करू दिलं, याची मला वेगळी नोंद करावीशी वाटते. माणूस नेमणं सोपं असतं, त्याच्या कामात हात न घालणं अवघड.

तिसरी सवय लिहिण्या-वाचण्याची. परदेश दौऱ्यावर असले की वेणूताईंना पत्रं लिहायचे, आज कुठे गेलो, कोण भेटलं, काय पाहिलं. ती पुढे पुस्तकरूपात आली. १९६५ च्या युद्धात तर ते रोजनिशी ठेवत होते. त्यांचे खाजगी सचिव राम प्रधान यांनी नंतर ती प्रसिद्ध केली. युद्धाच्या दिवसांत रोज सकाळी तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांच्यासोबत बैठक होई. पराभवानंतर तुटलेला विश्वास जोडायचा हाच मार्ग होता, रोज एका टेबलाशी बसायचं आणि सगळ्यांनी एकच माहिती ऐकायची.

ऐकून घेणारा माणूस निर्णयाला उशीर करतो असा समज आहे, म्हणून १ सप्टेंबर १९६५ ची दुपार सांगतो. छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पहाटेपासून पुढे सरकत होते. अखनूरचा पूल हातचा गेला असता तर जम्मूचा रस्ता धोक्यात. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी हवाई मदत मागायला संरक्षणमंत्र्यांकडे आले, सोबत हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग. १९६२ मध्ये भारताने लढाऊ विमानं वापरलीच नव्हती. आता वापरली तर युद्धाचं स्वरूप बदलणार होतं. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला आणि त्याच संध्याकाळी विमानं छांबवर होती. त्या संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमानं पडली, ही किंमतही सांगायला हवी. पण निर्णयाला वेळ लागला नाही. कारण ऐकायचं ते ऐकून झालं होतं, गेली तीन वर्षं.

आता 'कुंपणावरचे'. हा आरोप खोटा आहे असं मी सांगणार नाही. १९६९ मध्ये बंगळूरला राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवताना त्यांनी इंदिरा गांधींच्या मताविरुद्ध संजीव रेड्डींना साथ दिली, आणि काँग्रेस फुटली तेव्हा इंदिराजींसोबत राहिले. १९७८ च्या फुटीत इंदिराजींच्या विरुद्ध बाजूला. जुलै १९७९ मध्ये मोरारजींच्या सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव त्यांनीच मांडला, आणि लगेच चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले. १९८१ मध्ये पुन्हा इंदिरा काँग्रेसमध्ये, आणि मग आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद. या ओळीने ठेवल्यावर ते चांगलं दिसत नाही. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या माणसांनाही ते त्या वेळी पटलं नव्हतं.

माझं मत असं की मुंबईत जी सवय त्यांची ताकद होती, तीच दिल्लीच्या पक्षीय राजकारणात त्यांना अडचणीची ठरली. मुंबईत सगळ्यांचं ऐकून झालं की शेवटचा शब्द त्यांचा असे. संरक्षण खात्यातही तसंच. गृह, अर्थ, परराष्ट्र ही मोठी खाती त्यांनी सांभाळली, पण पक्षात शेवटचा शब्द दुसऱ्याचा होता. तिथे सगळ्या बाजू समजून घेणारा माणूस सगळ्यांना संशयास्पद वाटतो. त्यांनी एकदा तरी एका बाजूला पाय रोवून हरायची तयारी ठेवायला हवी होती, असं मला वाटतं. निवडणूक कधी न हरलेल्या माणसाला ते जड गेलं असावं.

शेवटी, वाचायचं काय? 'कृष्णाकाठ' आधी वाचा, पण ते १९४६ पाशी थांबतं. पुढचे दोन खंड लिहायचे मनात होते, ते झाले नाहीत. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले. त्यामुळे १९४६ नंतरच्या यशवंतरावांसाठी विधिमंडळ आणि लोकसभेची कामकाजाची पुस्तकं उघडावी लागतात. एकच वाचायला वेळ असेल तर २ सप्टेंबर १९६३ चं लोकसभेतलं निवेदन वाचा. चीन युद्धातल्या अपयशाच्या चौकशीचा अहवाल सुरक्षेच्या कारणाने प्रसिद्ध करता येत नव्हता, आणि सभागृह ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमतीची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, सेनापतींची कुवत, असा एकेक मुद्दा घेऊन कुठे कमी पडलो ते त्यांनी मांडलं. आधीच्या मंत्र्याचं नाव घेऊन टाळ्या मिळवायची संधी समोर होती. निवेदन वाचताना त्यांनी ती कुठे कुठे सोडली आहे तिथे पेन्सिलने खूण करत चला.